दहा मिनटाचं काम हाय, मामा

घरात जुना लॅपटॉप आहे, तो नीट चालतोय आणि तुम्हाला रात्री झोप लागतेय, तर काहीतरी चुकतंय. त्यावर ताबडतोब विंडोज ११ टाकून घ्या. मी गेल्या रविवारी टाकून घेतलं. म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगायचा अधिकार मला आहे.

सगळ्यात आधी घाबरा. चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणतं, ‘विंडोज दहा संपलं की ओ!’ तिथंच कप खाली ठेवायचा आणि घाबरायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, नुसते सुरक्षेचे अपडेट थांबतात, आणि घरगुती वापराला नाव नोंदवलं तर तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, असलं काही वाचत बसू नका. वाचलं की भीती जाते, आणि भीती गेली की रविवार मोकळा राहतो.

मग अटी वाचा, त्याही मोठ्यानं. टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची चिप पाहिजे, सिक्युअर बूट म्हणजे चालू होताना भलतं सॉफ्टवेअर अडवणारी सोय पाहिजे, रॅम निदान ४ जीबी, जागा ६४ जीबी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा आय-थ्री सहाव्या पिढीतला. लग्न जमवताना आमच्याकडे इतक्या पिढ्या मोजत नाहीत. आमच्या कोल्हापूरच्या गंगावेशीत एम-एटी या जुन्या दुचाकीला दुधाच्या किटल्या अडकवून माणसं वर्षानुवर्षं येत आली. गाडी कारखान्यातून निघायची कधीच बंद झाली, पण म्हशीनं अजून तिची पिढी विचारलेली नाही.

कित्येकदा टीपीएम लॅपटॉपमध्ये असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेला असतो. ते तपासू नका. तपासलं तर काम सोपं होईल.

वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, आधी उतरवून ठेवू नका. सेटअप अर्ध्यात येऊन इंटरनेट मागतो, त्याला वायफाय सापडत नाही आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात. मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की बहुतेक वेळा भागतं, पण हे रात्री साडेअकराला सुचण्यात जी मजा आहे ती आधी माहीत असण्यात नाही.

आता मुख्य गोष्ट. तज्ज्ञ.

तज्ज्ञ घरातलाच निवडा. माझा भाचा राजारामपुरीत राहतो आणि त्यानं तीन व्हिडिओ बघितलेत. आला तो चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, “मामा, दहा मिनटाचं काम हाय. रूफसनं पेनड्राइव्ह बनवतो, टीपीएम-बीपीएम काय विचारत न्हाई त्यो. तुमी चहा टाका.” रूफस म्हणजे विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर. त्याचं खरं आहे, चौकोनात टिचकी मारली की सेटअप त्या अटी विचारतच नाही. पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसला जातो, हेही तितकंच खरं. भाच्यानं टेबलावर समोर दिसला तो उचलला, लाल टोपणाचा, सोळा जीबीचा. मी चहा टाकायला आत गेलो होतो.

पुढे पडद्यावर एक संदेश आला. या डिस्कवर विंडोज बसणार नाही, हिची वाटणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, मला नवी जीपीटी पाहिजे. जुन्या लॅपटॉपवर हे नेहमीचंच. यावरचं औषध विंडोज १० च्या पोटात २०१७ पासून पडून आहे, एमबीआर-टू-जीपीटी नावाची कमांड. ती डेटाला हात न लावता पद्धत बदलते. शेत तिथंच राहतं, फक्त उतारा नवा निघतो. पण त्यासाठी संदेश पूर्ण वाचावा लागतो, आणि व्हिडिओतल्या पोरानं तो वाचला नव्हता. व्हिडिओतल्या पोरानं सगळी पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, डिलीट केली होती. त्याच्या लॅपटॉपवर काहीच नव्हतं, तो करेल!

भाच्यानं पहिलं निवडलं, डिलीट. दुसरं, डिलीट. मी बशी हातात घेऊन उभा. म्हटलं, “आरं, डी ड्राइव्ह त्यातला कुठला?” तो मान वर न करता म्हणाला, “समदं क्लीन केल्याबिगर बसत न्हाई ओ मामा.” तिसरं, डिलीट.

आणि ऐका, एवढं होऊनही गेलेलं नसतं. पार्टिशन डिलीट झालं की आतलं लगेच पुसलं जात नाही, नुसता नकाशा जातो. तिथंच हात थांबले असते, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून टेस्टडिस्कसारखं साधन चालवलं असतं, तर डी ड्राइव्ह परत मिळायची बरीच आशा होती. पण थांबायचं कसं? दहा मिनिटांचं काम ना! त्याच जागेवर वरून नवीन विंडोज ओतलं. अडीच तास. टक्केवारी सरकत होती तसतसं डी ड्राइव्हवरचं एकेक गाडलं जात होतं, आणि आम्ही दोघं टाळ्या वाजवायचं तेवढं बाकी ठेवून बघत होतो.

काय होतं डी ड्राइव्हवर? बायकोच्या बचत गटाचा सहा वर्षांचा हिशेब. ऑगस्ट २०१९ चे फोटो, पंचगंगेचं पाणी दारात आलं तेव्हाचे, भिंतीवरच्या रेघेसकट. त्या महापुरात हा लॅपटॉप मी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, डोक्यावर धरून, छातीभर पाण्यातून बाहेर काढला होता. नदीला जमलं नाही ते भाच्यानं दोन बिस्किटं खाऊन केलं.

विंडोज ११ बसलं म्हणाल तर बसलं. जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, टास्क मॅनेजरमध्ये शंभर टक्क्यांच्या खाली येत नाही. चालू करून मी मिसळ खाऊन येतो.

आता उपदेश पुरे. सोमवारपासून जो भेटतोय तो एकच विचारतोय, “बॅकअप घेतला नव्हता का?” घेतला होता! त्याच लाल टोपणाच्या पेनड्राइव्हवर घेतला होता! झालं समाधान? आणि जे खांद्यावर हात ठेवून “आता नवीनच घ्या की” म्हणतात, त्यांनी पैसे घेऊन यावं, नाहीतर गप्प बसावं. चालणारी वस्तू होती ती. मीच घाबरलो आणि मीच ती दुसऱ्याच्या हातात दिली, त्याचं मी माझं बघून घेईन.

पण भाच्या, तू वाचतोयस ना हे? वाच, एकदा तरी काहीतरी शेवटपर्यंत वाच. डिलीटच्या आधी विचारायचं असतं रे. ‘मामा, यात काय आहे?’ एवढं एक वाक्य. उत्तर द्यायला मी तीन फुटांवर उभा होतो. येत नसेल तर येत नाही म्हणायचं, त्यात कुणाची इज्जत जात नाही. आणि तो पेनड्राइव्ह तू मित्राचा लॅपटॉप करायला म्हणून घेऊन गेलायस. त्यात आता काहीही भरू नकोस. गाणी नको, सिनेमा नको, त्या मित्राचं विंडोजही नको. जसा आहे तसा खिशात घाल आणि आज संध्याकाळी घरी आणून दे.