गुजरीतलं 'अँटिक' आणि लाखाचं नाणं

कोल्हापुरातल्या घरोघरच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. 'अँटिक' हा मूळचा संस्कृत 'अंतिक'. 100 वर्षं झालेली कुठलीही वस्तू अँटिक. आणि अशा वस्तूचे, जुन्या नाण्याचे रिझर्व्ह बँक लाखो रुपये देते. पहिला दावा चुकीचा, दुसरा अर्धवट, तिसरा तर खिसा कापणारा.

आधी शब्द. संस्कृतात 'अंतिक' म्हणजे जवळचा. अँटिक आला लॅटिन 'अँटिक्वुस'वरून, म्हणजे पुरातन. त्याच्या पोटात 'अँटे', अर्थात पूर्वी. फ्रेंचमधून इंग्रजीत, तिथून आपल्याकडे. लॅटिन 'अँटे' आणि संस्कृत 'अन्ति' यांचं मूळ एकच, हे खरं. पण भाऊबंद म्हणजे बाप नव्हे! आपण तर तो शब्द कुठंही वापरतो. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, 'अँटिक' मागितलं की काळपट पॉलिशचा कोरा हार समोर येतो. त्यात फसवणूक नाही, तिथं तो शब्द फिनिशचा आहे.

100 वर्षांची अट 1972 च्या पुरावशेष कायद्यातली. हस्तलिखितांना 75 वर्षं पुरतात. पण कायदा वय बघतो, भाव ठरवत नाही. उलट अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. पणजीचं तांब्याचं घंगाळ, काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं, भांडीवाल्याकडं न्या. तो तराजूत टाकतो आणि मोडीचा भाव सांगतो. टाउन हॉलच्या संग्रहालयातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती वीतभरही नसेल, पण ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडली. रोमच्या व्यापाराचा धागा कोल्हापूरपर्यंत पोचतो तो त्या जागेमुळं. कुठं सापडली हे माहीत नसतं, तर तिनं एवढं सांगितलं नसतं.

आता नाणी. रामदरबाराचं, '1818, ईस्ट इंडिया कंपनी, वन आना' असं लिहिलेलं नाणं बऱ्याच देव्हाऱ्यांत पूजेला असतं. श्रद्धेबद्दल बोलायचं नाही, पण ते कंपनीचं नाही. देशभर चालणारं एक आण्याचं नाणं आलं 1907 साली, तेही ब्रिटिश सरकारचं. वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं तर 2012 चं, तुमच्या धाकट्या पोराएवढं.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क घेत नाही. फोनवरचा माणूस मात्र लाखांचा आकडा सांगून आधी नोंदणीचे, मग टॅक्सचे पैसे मागतो.

पाया खणताना खरोखरच काही लागलं, तर 1878 चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ही ओळ त्या मजकुरात कुणी घालत नाही.