तिकडच्या दादाला डबा कोण देतं?

आज सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर एक रील येऊन पडलं. 'विज्ञानानं सिद्ध केलंय, माणूस कधीच मरत नाही!' मागे बासरी आणि फिरणारी आकाशगंगा. खाली आमच्या एका उच्चशिक्षित चुलतभावानं लिहिलं, 'वहिनी, दादा कुठल्या तरी विश्वात आहेच.' मग हात जोडलेल्या चित्रांची रांग.

दहा मिनिटांत वहिनीचा फोन. 'भाऊजी, तिकडे ह्यांना डबा कोण देत असेल हो? मी आहे का तिकडे?'

काय सांगणार? तेव्हापासून डोकं तापलंय.

ह्यू एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं 1957 साली अनेक विश्वांची कल्पना मांडली: अणूंच्या पातळीवर जे जे घडू शकतं ते सगळं घडतं, प्रत्येक शक्यता आपापल्या वेगळ्या विश्वात. गणित देखणं आहे, मोठमोठे भौतिकशास्त्रज्ञ ते मानतात, मान्य. पण 'म्हणून तुम्ही अमर' हे शेपूट मागून जोडलेलं. ज्या विश्वात तुम्ही मेलात तिथं ते कळायला तुम्ही नसताच, म्हणून तुमच्या लेखी तुम्ही कायम जिवंत. तुमच्या लेखी! आणि वहिनीच्या लेखी? ती त्याच विश्वात आहे ना, जिथं दादा गेला. या हिशेबात मागे राहिलेल्याला खातंच नाही.

शिवाय माणूस असा बटण दाबल्यासारखा जातो कुठे? मॅक्स टेगमार्क हा भौतिकशास्त्रज्ञ, जो स्वतः अनेक विश्वं मानतो, त्यानंही हा आक्षेप मान्य केलाय. दादा दीड वर्ष थोडा थोडा जात होता. आधी रस्ते विसरला, मग माझं नाव. वारांचे खण असलेला त्याचा गोळ्यांचा डबा अजून फ्रिजवर आहे, बुधवार रात्रीपासून पुढचे खण भरलेले. वहिनी तो रिकामा करू देत नाही. यातला नेमका कुठला दादा 'तिकडे' सुखरूप आहे, हे रीलवाल्यांनी सांगावं.

बरं, माणसाची प्रत काढली तर? अज्ञात क्वांटम अवस्थेची, म्हणजे अणुरेणूंच्या बारीकसारीक स्थितीची, हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे 1982 मध्येच दाखवलं गेलंय. माणूस उतरवायला तेवढी बारकाई लागणारही नाही कदाचित, सोडून देऊ. डेरेक पारफिट नावाच्या तत्त्वज्ञानं 1984 मध्ये एक प्रसंग रचला: मूळ माणूस पृथ्वीवर, हृदय बिघडलेलं, दिवस मोजतोय. मंगळावरची त्याची प्रत त्याला धीर देते, काळजी करू नकोस, तुझ्या बायकोमुलांना मी सांभाळीन. पारफिटला यात दिलासा दिसला. मला मात्र वहिनी दिसते. ती त्या प्रतीला जेवायला वाढेल, तेवढी माणुसकी तिच्यात आहे. पण दीड वर्ष जिचा हात धरून दादा बाथरूमपर्यंत जायचा, तिनं 'हेच ते' म्हणायचं?

आणि एव्हरेटचं घर बघा. 1982 मध्ये, 51 व्या वर्षी, हृदयविकारानं तो घरीच गेला. 19 वर्षांच्या मुलाला तो बिछान्यात सापडला. 1996 मध्ये मुलीनं जीव दिला. चिठ्ठीत लिहून गेली की ती वडिलांना भेटायला दुसऱ्या विश्वात चाललीय. ती आधीपासून आजारी होती, दोष सिद्धान्ताचा नाही, हेही कबूल. तरी खचलेल्या माणसाच्या हातात हे असलं देताना दोनदा विचार करा रे.

चुलतभाऊ वाईट नाही. चार शब्द सुचले नाहीत, रील सापडलं, पाठवलं. पण दादा गेला तेव्हापासून त्यानं वहिनीला एक फोन केलेला नाही.

सोमवारी तिला बँकेत न्यायचंय, वारसाच्या कागदांसाठी. माझी गाडी गॅरेजमध्ये आहे. हात जोडणाऱ्यांपैकी कुणाला सुट्टी असेल तर ग्रुपवर नको, मला फोन करा.