हिमनद्या वितळतायत म्हणून नद्यांना पाणी वाढणार?

"हिमनद्या वितळल्या की नद्यांना उलट जास्तच पाणी येईल, टंचाईची भीती हा सगळा बनाव आहे." हा मेसेज कोथरूडच्या मावशीला आला आणि तिने खरा मानून चार जणांना पाठवला. तेव्हा एकदा नीट उत्तर देणं भाग आहे.

पाणी काही दशकं वाढतं, हे नाइलाजाने मान्य. पण हिमनदी आकसत गेली की वितळायला बर्फच उरत नाही. मग उन्हाळी प्रवाह घटू लागतो, आणि छोट्या हिमनद्यांच्या खोऱ्यांत तो आधी घटतो.

मेसेजमधलं सर्वात घातक वाक्य पुढचं आहे: "बर्फ पडो की पाऊस, वर्षाचं पाणी तेवढंच." अहो, वर्षाच्या बेरजेवर शेती होते का? टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठतं, म्हणून पुण्यात मे महिन्यात नळ चालतात. हिमालयात हा साठा बर्फ करतो. हवा १ अंशाने तापली की शून्य अंशाची रेषा, म्हणजे जिच्या वर पाण्याचा बर्फ होतो ती उंची, साधारण १५० मीटर वर चढते. तेवढ्या पट्ट्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो आणि हिवाळ्यातच वाहून जातो. उरलेला बर्फ लवकर वितळतो. त्याखालचा हिमनदीचा मळकट बर्फ लवकर उघडा पडतो आणि जास्त ऊन शोषतो, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांहून अधिक ऊन परतवतो, मळकट बर्फ निम्मंही नाही. लडाखमध्ये पेरणीला एप्रिल-मेमध्ये पाणी लागतं, उंचावरच्या हिमनद्या साधारण जूनपासून वितळतात. मधली वेळ हिवाळ्यातला बर्फ निभावतो. तोच कमी पडला तर ऑगस्टमधल्या भरल्या ओढ्याचा पेरणीला काय उपयोग?

"गंगा आटणार ही थाप" यात तथ्य आहे, पण अर्धंच. 'नेचर क्लायमेट चेंज'मधल्या २०१४ च्या अभ्यासानुसार गंगेच्या वरच्या खोऱ्यातल्या प्रवाहात हिमनद्यांचा वाटा सुमारे १२ टक्के आहे, पावसाचा ६६. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात मात्र हिमनद्यांचा वाटा ४० टक्क्यांवर जातो. गंगेचा आकडा दाखवून सिंधूबद्दल निर्धास्त राहायला सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे. शिवाय ही वार्षिक सरासरी आहे. पावसाळ्याआधी वितळलेल्या पाण्याचा वाटा गंगेतही मोठा असतो.

२०३५ पर्यंत हिमनद्या संपतील हे आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २००७ च्या अहवालातलं विधान चूकच होतं, २०१० मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्याने वितळणं खोटं ठरत नाही.

राहिलं "पुण्याला काय त्याचं?" पुण्याच्या मुठा नदीत बर्फाचं पाणी नाही, बरोबर. पण हवा १ अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे जोरदार सरी आणखी जोरदार होतात. खडकवासल्याची क्षमता दोन टीएमसीसुद्धा नाही. वरची तिन्ही धरणं भरलेली असताना अशी सर आली, तर पाणी काही तासांत मुठेत सोडावंच लागतं.