यात चित्र कुठंय?

परवा एका मैत्रिणीला चित्रकार एस्थर महलांगू यांच्या एका कॅनव्हासचा फोटो पाठवला. ती म्हणाली, "डिझाइन भारी आहे गं, पण यात चित्र कुठंय?" दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

जाड काळ्या रेघांच्या चौकटी, आत झेंडूचा पिवळा, गुलाबी, आकाशी, हिरवा रंग आणि मध्ये पांढरे पट्टे. फोटो मोठा करून काळ्या रेघेवरून नजर फिरवा. लांबून ती पट्टीने आखल्यासारखी सरळ वाटते. जवळून पाहिलं की कळतं, ती मध्येच किंचित जाड होते, कोपऱ्यावर थोडी थांबते आणि मग वळते. महलांगू पट्टी वापरत नाहीत. आधी पेन्सिलीने आखूनही घेत नाहीत. कोंबडीचं पीस रंगात बुडवायचं आणि थेट ओढायचं. डावीकडचा आकार उजवीकडे तसाच उतरतो तो नुसत्या नजरेच्या अंदाजाने.

हा हात आला कुठून? त्या दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेले समाजाच्या, जन्म 1935 चा. तिकडे घराच्या भिंती बायकाच रंगवतात. दहा वर्षांच्या एस्थरने आई आणि आजी काम थांबवून विसावा घ्यायला गेल्या की पीस उचलायचं आणि भिंतीवर सुरू व्हायचं. रागावून झालं, पोर ऐकेना, तेव्हा तिला घराची मागची भिंत दिली. हात बसल्यावर पुढची मिळाली. मला ही गोष्ट फार आवडते. मागच्या भिंतीवरून पुढच्या भिंतीवर येणं हीच तिची पदवी.

जुन्या भिंती शेणामातीने सारवलेल्या असत आणि ओल्या सारवणावर बोटांनी नक्षी उठवत. रंग मातीचे, चुन्याचे. पुढे दुकानातले रंग आले. निळ्यासाठी तर कपड्यांना घालायची नीळही वापरली जाई! माझी आजी अंगण सारवायची, तेव्हा तिच्या बोटांचे अर्धगोल वाळल्यावरही दिसायचे. त्यावर पाय द्यायला आम्हाला जिवावर यायचं.

आणि हे रंग नुसती हौस म्हणून बघू नका. 1883 मध्ये बोअर, म्हणजे तिथे वसलेल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या, सत्तेने एन्डेबेल्यांना हरवलं, जमीन घेतली आणि माणसं गोऱ्यांच्या शेतांवर राबायला वाटून टाकली. समाज विखुरला, तरी भिंती रंगत राहिल्या. इथे आमचं माणूस राहतं, हे लांबून ओळखू येत होतं. शहरात पाहिलेले दिवे, विमानं, अगदी दाढीचं ब्लेडसुद्धा या बायकांनी आपल्या नक्षीत आणलं. म्हणून याला कुणी 'पारंपरिक डिझाइन' म्हणून बाजूला ठेवलं की मला त्रास होतो. परंपरा इथे आहेच, पण ती रोज नवं बघत आली आहे. 1991 मध्ये महलांगूंनी बीएमडब्ल्यूची एक अख्खी गाडी रंगवली. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलसारख्यांनी रंगवलेल्या गाड्यांच्या त्या मालिकेतल्या त्या पहिल्या स्त्री. दार काय, बोनेट काय, त्यांना सगळं भिंतीसारखंच.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगते. 1989 मध्ये पॅरिसला 'माजिसियें द ला तेर' नावाचं मोठं प्रदर्शन झालं. महलांगूंना जगासमोर आणणारं प्रदर्शन हेच. त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेही होते. वारली चित्रंही मुळात बायकांची, लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णींनी काढायची. म्हसे पुरुष असून ती रोज काढू लागले, कागदावर आणली. त्यांची ती शेणमातीच्या पार्श्वभूमीवरची पांढरी माणसं आणि महलांगूंच्या रंगीत चौकटी एकाच प्रदर्शनात! आपल्याकडे म्हसेंचं नाव निघालं तर ही गोष्टही निघायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मैत्रिणीला आज तोच फोटो पुन्हा पाठवलाय, फक्त डावा कोपरा ठेवून. काळी रेघ वळायच्या आधी जिथे थांबलीय, तेवढाच.