भट्टी जमली नाही

शरदाचं चांदणं बघावं ते ज्याची सोयाबीन मळून, विकून झालीय त्यानं. माझी दीड एकराची सोयाबीन कापून रानात गंजी लागलेली. मळणीयंत्रवाला आठवडाभर रोज नव्या उत्साहानं "उद्या नक्की" म्हणत होता. नेमका अशा मुहूर्तावर पुण्याहून मंद्याचा फोन आला, "शनिवारी येतोय. तुझ्या शेतावर पाव भाजायचे."

चूक माझीच. गणपतीत अंगणात विटा-मातीची भट्टी रचून मी तिचा फोटो मित्रांना पाठवला होता. फोटोत ती झकास दिसते. प्रत्यक्षात ती डावीकडे कललीय आणि आत कोंबडी बसते.

मंडळी आली ती मैदा, यीस्ट, डिजिटल काटा आणि थर्मामीटर घेऊन. चहा होईपर्यंत शेफालीनं सांगून टाकलं की पाव पोर्तुगीजांनी आणला आणि गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे नारळाच्या झाडाची ताडी, घालायचे. "मग सूर कुठं मिळेल?" मंद्यानं तत्परतेनं विचारलं. कोरेगाव तालुक्यात माडाच्या बागा नाहीत हे कळल्यावर त्याचा पावातला रस निम्म्यावर आला.

तीन किलो मैदा मळून पातेल्यात घातला, वर ओलं फडकं टाकलं आणि पातेलं ओसरीत ठेवलं. पाककृतीत लिहिलं होतं, दुप्पट व्हायला दोन तास. ती लिहिणाऱ्यानं ऑक्टोबरात आमच्या पत्र्याखाली बसून पाहिलेलं नसावं.

तासाभरात आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस! मी नुसता "गंजी!" म्हणून ओरडलो आणि सगळे धावले. अनिरुद्ध कंपनीत मॅनेजर आहे. "वारा कुठून येतोय ते आधी ठरवू," असं तो ताडपत्रीचं टोक धरून म्हणतोय तोवर वाऱ्यानं ताडपत्रीसकट त्याला बांधापर्यंत नेलं. कडेला ठेवायला दगड कमी पडले तिथं शेफाली बसली. बसली ती पाऊस थांबेपर्यंत हलली नाही. एवढ्या निष्ठेनं माझ्या सोयाबीनकडं मीही कधी पाहिलेलं नाही.

चिखलानं माखून परतलो तर पीठ पातेल्याबाहेर पडून, डोक्यावर फडकं घेऊन पायरी उतरत होतं. शेजारच्या शेवंताकाकू कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत होत्या.

"आंबलंय की रं सगळं. म्हशीला घालू नगा, पोट फुगंल तिचं."

भट्टी भिजलेली. कोंबडीला बाहेर काढून तुराट्या पेटवल्या, तर धूर तोंड सोडून बाकी सगळीकडून यायला लागला. विटांतलं पाणी आटवण्यातच निम्मं सरपण गेलं. रात्री दहाला पाव निघाले, वरून कोळसा आणि आत लापशी. काकूंनी दिलेल्या ठेच्याबरोबर आम्ही फक्त कडा खाल्ल्या. ठेचा संपला, पाव उरले. रविवारी निघताना मंद्या म्हणाला, "पुढच्या वेळी पिझ्झा." मी फाटक जरा घाईनंच लावलं.

मळणी झाली मंगळवारी. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, पण त्यासाठी ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. बाजारात व्यापाऱ्यानं चार दाणे दाढेखाली धरले, कटकन आवाज आला नाही, आणि ओलावा मोजायच्या यंत्राकडं न बघताच तो म्हणाला, "सोळा." मग यंत्र लावलं. सोळाच.

भाव पडला. वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून पिशवीत उरलेला पाव त्याच्यापुढं केला. त्यानं एक घास तोडला, दाढेखाली धरला, डोळे मिटून बराच वेळ चावला.

"ह्यो चाळीसच्या पुढं हाय," तो म्हणाला. "वाळवून आणा."