थर्मोस्टॅट काढून हीटर गरम होत नाही

थंडी पडली की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. गाडीच्या हीटरमधून गार हवा येत असेल तर एसीचा गॅस भरा. हीटरला एसीएवढंच पेट्रोल लागतं. आपल्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढलेलाच बरा. आणि इथे बर्फ पडत नाही, तेव्हा कूलंटऐवजी, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी, साधं पाणी चालतं. चारही गोष्टी चूक आहेत. शेवटच्या दोन तर इंजिनाच्या मुळावर येतात, म्हणून हे लिहितोय.

गॅसचा हीटरशी काही संबंध नाही. इंजिनातलं तापलेलं कूलंट दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. ही उष्णता एरवी वायाच जाते, त्यामुळे पेट्रोलचा मुद्दाही टिकत नाही. काचेवरची वाफ घालवायला सोबत एसीचं बटण दाबलंत, तर मात्र कॉम्प्रेसरपुरतं पेट्रोल लागतं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, तिथे हीटर बॅटरीवर चालतो.

थर्मोस्टॅटचं मला स्वतःला भोगावं लागलं. डिसेंबरात पहाटे साडेचारला पेंचच्या सिल्लारी गेटकडे निघालो होतो. कामठी सोडून गाडीनं वेग घेतला की तापमानाचा काटा खाली आणि हवा गार. टोलनाक्यावर थांबलो की हवा कोमट. मागच्या सीटवर आई शालीत गुरफटून बसलेली. परत आल्यावर मेकॅनिकनं थर्मोस्टॅट बसतो ते हाउसिंग उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. "भाऊ, कोणीतरी वॉल्व्ह काढून ठेवला ना याचा," तो म्हणाला. गाडी सेकंडहँड होती.

वॉल्व्ह काढण्यामागची भीती मला समजते. बंद स्थितीत अडकलेल्या थर्मोस्टॅटमुळे मे महिन्यात वर्धा रोडवर ज्याची गाडी उकळली, त्याचा त्यावर पुन्हा विश्वास बसत नाही. पण चांगला थर्मोस्टॅट साधारण 82 ते 90 अंशांना उघडायला लागतो आणि इंजिन नीट तापेपर्यंत पूर्ण उघडतो. उन्हाळ्यात तो रस्ता अडवत नाही. काढून टाकला तर इंजिन थंडच राहतं, गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की कूलंट रेडिएटर टाळून बायपासमधूनच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. खराब झाला असेल तर नवा बसवा.

आता पाणी. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर आला होता, तेव्हाही पाणी गोठलं नसतं हे मान्य. पण कूलंट फक्त गोठणं टाळण्यासाठी नसतं. त्यानं उकळबिंदू वर जातो, म्हणजे ते उन्हाळ्यातच जास्त कामाचं. त्यातली रसायनं गंज थांबवतात. बोअरचं जड पाणी घातलं की भांड्याला बसतो तसा पांढरा थर हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि पहिला चोक होतो तो हीटरच. तयार कूलंट घ्या, नाहीतर घट्ट कूलंट (कॉन्सन्ट्रेट) डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा.

मग बघायचं काय? सकाळी, इंजिन थंड असताना कूलंटच्या बॉटलमधली पातळी बघा. कमी असेल तर गळती शोधा. कूलंट कमी असलं की कोअरमध्ये हवा अडकते, डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते, आणि रेस दिली तर हवा गरम, आयडलवर गार. माझ्या गाडीच्या नेमकं उलट. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर तेही तपासा, कारण त्यातल्या गॅसचा दाब कमी करणाऱ्या रेड्युसरला गरम कूलंट लागतं आणि ते बरेचदा हीटरच्याच पाइपांतून घेतलेलं असतं.

पातळी बरोबर असेल तर गाडी वीस मिनिटं चालवून हीटर फुल गरमवर ठेवा. इंजिन बंद करा आणि कोअरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांना कापड धरून जपून हात लावा. दोन्ही गरम असतील तर गरम-गार हवा वळवणारा आतला फ्लॅप किंवा त्याची केबल अडकलीय. एक गरम, एक गार म्हणजे कोअर चोक किंवा हीटरच्या पाइपावरचा वॉल्व्ह बंद. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट बघा. पायाशी कार्पेट ओलं आणि गोडसर वास असेल तर कोअर गळतोय. यातलं काहीही करताना गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर येतं.