पूर्णतः सहमत

पीएचडी करायची आहे ना? कॉमर्स, मॅनेजमेंट, अर्थशास्त्र, काहीही चालेल. विषय शोधत बसू नका, तो ठरलेला आहे : 'महिलांच्या आर्थिक सक्षमीकरणात बचत गटांचे योगदान : विशेष संदर्भ अमुक तालुका'. तालुका तेवढा आपला घालायचा. महाराष्ट्रात ३५८ आहेत, नातवंडांपर्यंत पुरतील.

गृहीतक : 'बचत गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण होते.' निष्कर्षही हाच. एकदा टाईप करा, दोनदा चिकटवा.

पूर्वसाहित्याचा आढावा शेजारच्या तालुक्यातून उचला.

आता नमुना. तो ३८४चाच हवा. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली किती लोकसंख्येला केवढा नमुना घ्यावा याचा एक तक्ता छापला, त्यात दहा लाखांच्या लोकसंख्येसमोर ३८४ हा आकडा आहे. तेव्हापासून खटावात ३८४, माणमध्ये ३८४, फलटणला ३८४. आता हे ३८४ जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले असावेत, ही त्या तक्त्याची अट. पण चिठ्ठ्या टाकतंय कोण? त्यापेक्षा ओळखीतले एखादे रिटायर्ड बँकवाले काका गाठा.

ते काका म्हणजे मी. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांचं उद्दिष्ट ठेवून बँक जोडणी सुरू केली, त्यानंतरची माझी सगळी नोकरी गटांची खाती उघडण्यात आणि कर्जप्रकरणं करण्यात गेली. बायका अजून ओळखतात. म्हणून गेल्या गुरुवारी एक भावी डॉक्टर मला गाडीवर मागे बसवून एका वाडीवर घेऊन गेला. खुरपणीचे दिवस. माझ्या शब्दाखातर अकरा जणी अर्धा रोज मोडून आल्या. समाजमंदिरात सतरंजी, हातात बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म. 'गटामुळे तुमच्या आत्मविश्वासात वाढ झाली : पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत.'

"तटस्थ म्हंजी काय वं?" एकीने विचारलं.

"म्हणजे मधलं, मावशी."

"मग समद्यांचं मधलंच लिवा. भांगलण ऱ्हायलीय."

दुसरी म्हणाली, "मागल्या साली बी एक मॅडम आल्या हुत्या. ह्येच इचारलं. त्याचं काय झालं?" हा हसला आणि पुढचा प्रश्न वाचला.

बेचाळीस प्रश्नांत एक प्रश्न नव्हता : कर्ज काढलं कुणी आणि वापरलं कुणी? सही बाईची, मोटरसायकल मालकांची, हप्ता पुन्हा बाईचा, हे त्या सतरंजीवर प्रत्येकीला पाठ होतं. एकीने तर स्वतःहून सांगितलं, की गटाचा हप्ता भरायला फायनान्सवाल्याकडून उचलले आणि त्याचा आठवड्याचा हप्ता भरायला दुसऱ्या फायनान्सवाल्याकडून. अख्खा प्रबंध तिथे तिच्या तोंडून बाहेर पडत होता. याने काय लिहिलं? 'कर्जाची उपलब्धता वाढली : पूर्णतः सहमत.'

रात्री फोन. "काका, अजून बरेच फॉर्म कमी पडतायत. गूगल फॉर्मची लिंक टाकतो, बसल्या बसल्या भराल का? नाव तेवढं बदलत जा. आणि तटस्थ नको, गृहीतक पडतं." तर तरुणांनो, फॉर्म असे घरीच भरा. एकाच हाताने सगळे भरले की क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.९च्याही वर जातो आणि गाईड पाठ थोपटतात.

शोधनिबंध? पैसे भरा, दोन दिवसांत छापून येतो. यूजीसीने २०१८ साली मान्य जर्नलांच्या आपल्याच यादीतून ४,३०५ जर्नलं काढली, मग केअर यादी आणली, २०२५मध्ये तीही बंद केली. दुकानं चालूच आहेत.

शिफारशी : 'शासनाने लक्ष द्यावे.'

एक मात्र करू नका. हैदराबादला अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं तसलं काही. १०४ वस्त्या घेतल्या, त्यातल्या ५२ चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडून तिथे आधी सूक्ष्मकर्ज पोचवलं आणि सव्वा-दीड वर्षाने दोन्हींकडची घरं ताडून पाहिली. धंद्यातली गुंतवणूक थोडी वाढलेली. पण बाईचा घरातला शब्द, पोरांचं शिक्षण, यात म्हणावा असा फरक नाही. हे त्यांनी तसंच छापलं. बिचाऱ्यांचं गृहीतक पडलं! २०१९ला नोबेलवर भागवावं लागलं.

पुरे झाली थट्टा. अरे बाबा, उत्तर आधीच ठरलं होतं तर त्या बायांना उन्हातून उठवलंस कशाला? आणि तुझे गाईड, ज्यांनी तीस वर्षांत एका गटाचं इतिवृत्त उघडून पाहिलेलं नाही, ते सही कशावर करतात? गटाच्या वहीत दर बैठकीचं लिहिलेलं असतं, कुणी किती उचलले, कशाला, किती थकले. ती वही समोर पेटीवर पडली होती. तू तिच्यावर हेल्मेट ठेवलंस.

फॉर्म मी भरलेले नाहीत, भरणारही नाही. तीनशेचा रोज, अकरा जणींचा अर्धा दिवस, सोळाशे पन्नास रुपये होतात. जर्नलला अठराशे भरलेस ना? मग हेही देऊन ये. दर गुरुवारी दुपारी तीनला बैठक असते.